गोरे बोलतायत

सरांच्या शर्टाला मुद्दाम शिवून घेतलेले दोन खिसे असायचे आणि दोन्हींत पेन नाही, कार्डं असायची. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची, जाड, कडा कात्रीने सरळ कापलेल्या, आणि प्रत्येकावर टाइप केलेला मजकूर. रिक्षावाल्यासाठी: "मानपाडा रोड, शाळेच्या अलीकडे. सुटे आहेत." न्हाव्यासाठी: "मागून बारीक. पुढे आहे तेवढं राहू द्या." देवळातल्या गुरुजींसाठी: "अभिषेक नको. फक्त नारळ वाढवा." जाताना लागणारी कार्डं डाव्या खिशात, येताना लागणारी उजव्या. एकदा खिशांची अदलाबदल झाली आणि रिक्षावाल्याने "मागून बारीक" वाचून सरांकडे नीट वळून पाहिलं, हा किस्सा सर स्वतःच सांगायचे. म्हणजे टाइप करून वाचायला द्यायचे.

सर अडखळत बोलायचे. लहानपणापासून. त्यांचं अडखळणं मी इथे अक्षरं तोडून, टिंबं टाकून लिहिणार नाहीये. वाचणाऱ्याला त्यात गंमत वाटते. ज्याच्या घशात शब्द अडकलाय त्याला ती वाटत नाही. तेव्हा ते जे काही बोलले ते मी सरळच लिहिते. तुम्ही मनातल्या मनात प्रत्येक वाक्याला एक-दोन मिनिटं द्या.

डोंबिवलीला त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पहिल्या मजल्यावर, खाली पोळीभाजी केंद्र. त्यामुळे आमच्याकडे शिकलेल्या मुलींच्या सर्टिफिकेटांनाही फोडणीचा वास यायचा. गंमत म्हणजे शिकवताना सर अजिबात अडखळत नसत. लाकडी पट्टी टेबलावर ठोकत "ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे" सुरू झालं की आवाज कसा खणखणीत, घड्याळासारखा. पट्टी थांबली की आवाजही थांबला. पोरं पाठीमागे त्यांना 'बॅकस्पेस' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. सुट्टीच्या नोटिशीखाली ते स्वतःच टाइप करायचे: "आपला, बॅकस्पेस." एकदा ते वाचल्यावर पोरांची चिडवायची सगळी मजाच गेली.

मी तिथे लागले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलेलं. टाइपरायटरवर धूळ बसायला लागलेली. जो पालक यायचा तो जिना चढतानाच विचारायचा, "कॉम्प्युटर आहे का?" शेवटी सरांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि तो शिकवायला माणूस पाहिजे म्हणून पोळीभाजीवाल्यांच्या फळ्यावर कागद चिकटवला. मी ठाण्याची, वर्तकनगरची. नुकता डिप्लोमा झालेला. डोंबिवलीला मावशीकडे गेलेले, तिने पोळ्या आणायला पाठवलं, तर पोळ्यांबरोबर नोकरीच घेऊन आले. मुलाखत अशी झाली: सरांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनला कार्ड लावलं, खाडखाड टाइप केलं आणि पुढे सरकवलं. "पगार कमी आहे. चहा दोनदा आहे. संडासाची किल्ली खाली पोळीवाल्यांकडे असते. येणार का?"

मी हसले. म्हटलं, "येणार."

एकच गोष्ट त्यांना जमायची नाही: टेलिफोन. समोर माणूस असला की कार्ड दाखवता येतं, हातवारे करता येतात. फोनवर काय दाखवणार? फोन वाजला की भिंतीवर पाल दिसल्यासारखे सर त्याच्याकडे बघत बसायचे. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की कॉम्प्युटर शिकवणं हे माझं दोन नंबरचं काम आहे. एक नंबरचं काम फोन उचलणं.

कॉम्प्युटरबरोबर दोन स्पीकर आणि एक सीडी आलेली. ती सीडी एका दुपारी मी सहज लावून बघितली. एक प्रोग्रॅम निघाला. पर्सनल असिस्टंट म्हणे. पडद्यावर एक टेबल, टेबलावर डायरी आणि मागे टाय लावलेला चित्रातला माणूस. आपण जे टाइप करू ते तो मोठ्याने बोलायचा. कुठे जायचं असेल तर त्या वेळेला आठवण करायची, आलेलं पत्र वाचून दाखवायचं, सकाळी चालू केलं की गुड मॉर्निंग म्हणायचं, असला सगळा कारभार. आवाज सर्दी झालेल्या अमेरिकन माणसाचा. मी "हॅलो" टाइप केलं, तो "हॅलो" म्हणाला. दहा मिनिटांत मला कंटाळा आला. मागे वळून बघते तर सर उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे.

त्यांनी मला खुणेने उठवलं, खुर्चीवर बसले, बोटं मोडली आणि टाइप करायला लागले. सरांचा स्पीड म्हणजे बघत राहावं असा. आपण बोलतो त्याहून थोडा जास्तच. पहिलं वाक्य त्यांनी इंग्रजीत लिहिलं: माझं नाव अमुक, मी ही संस्था चालवतो. पडद्यावरच्या त्या गोऱ्या साहेबाने ते बोलून दाखवलं. न थांबता, एका दमात. सरांनी तेच वाक्य पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. चार वेळा झाल्यावर मी हळूच चहा सांगायला खाली गेले. माणूस स्वतःचं नाव ऐकत असताना तिथे उभं राहू नये, असं काहीतरी मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या असिस्टंटचं नाव 'मिस्टर गोरे' पडलं. बारशाचं कार्ड पडद्याला चिकटवलेलं: "श्री. गोरे. यांच्यावर चहा सांडू नये."

गोरे इंग्रजी ठीक बोलायचे, पण सरांना ते मराठी बोलायला हवे होते. तुम्ही रोमन अक्षरांत 'नमस्कार' लिहा, गोरे भलतंच काहीतरी म्हणायचे. मग सर स्पेलिंग मोडायचे, मधे आडव्या रेघा टाकायचे, 'कार'च्या जागी मोटारीचं स्पेलिंग लावायचे. असं करत करत एक जाडजूड वही तयार झाली. पहिल्या रकान्यात मराठी शब्द, दुसऱ्यात गोऱ्यांना कळेल असं स्पेलिंग, तिसऱ्यात शेरा. शेरे तीनच: "बरा", "चालेल" आणि "बायकांसमोर नको". तिसऱ्या शेऱ्याचे शब्द फार साधे होते हो, पण गोरे ते असे काही उच्चारायचे, की मी खुर्चीवरून उठून गॅलरीत जायचे.

सगळ्यात मोठी अडचण 'ळ' आणि 'ण'. ते गोऱ्यांना मरेपर्यंत जमले नाहीत. मग सरांनी ते दोन वर्णच सोडून दिले. 'पाणी' नको, 'जल'. 'वेळ' नको, 'समय'. 'मंडळी' नको, 'मित्रहो'. त्यामुळे गोऱ्यांची मराठी मोठी भारदस्त झाली. पंख्याचा मेकॅनिक आला तर गोरे म्हणायचे, "पंखा अत्यंत मंद गतीने फिरतो, कृपा करा." तो बिचारा हात जोडून स्टुलावर चढला.

आता सोसायटीची गोष्ट. सरांचं घर तिथून जवळच, एका चार मजली इमारतीत. इमारतीच्या गेटाशी सकाळी एक कोळीण बसायची. खाडीकडच्या गावातून यायची. बारा वर्षं तिची जागा ठरलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे सरांच्या कार्डांचा तिथे काही उपयोग नाही. सरांना तिच्याशी बोलावंच लागायचं. सर 'बोंबील' म्हणायला लागले की ती मधे एक शब्द बोलायची नाही. कोयता खाली ठेवायची, हात पुसायची आणि सरांच्या तोंडाकडे बघत बसायची. शब्द पूर्ण झाला की म्हणायची, "घेतंस किती?" मागे रांग लागली तरी तिला घाई नसायची.

तर सोसायटीच्या अध्यक्षांनी तिला उठवायचा ठराव आणला. वास येतो, माश्या येतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. अध्यक्ष एका ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आवाज पाच मजल्यांना पुरेल असा. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा.

रविवारी दुपारी सरांनी मला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरचा डबा त्यांच्या मांडीवर, मॉनिटर माझ्या मांडीवर, स्पीकर आणि वही पायांत, अशी आमची रिक्षा सोसायटीत पोचली. वरच्या मजल्यावरून वायर ओढून घेतली. लोक सतरंज्यांवर बसायला लागले आणि गच्चीच्या मधोमध शाळेतल्यासारखं टेबल मांडून सर बसलेले.

पुढच्या रांगेत काकू होत्या. सरांच्या बायको. चांगली साडी नेसलेल्या, हातात घामाने ओलं झालेलं एक कार्ड. दरवर्षी सभेत सरांच्या वतीने त्याच बोलायच्या. ह्या वेळचे मुद्देही त्यांनी सरांना विचारून लिहून घेतले होते. टेबलावरचं ते लचांड बघून त्या माझ्याकडे वळल्या, "हे काय गं?" मला वाटलेलं सरांनी त्यांना सांगितलं असेल. सरांनी सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी ठराव वाचला. कोळीणबाईही आलेली, कठड्याजवळ पदर खोचून उभी. सरांनी बोटं चालवली आणि गोरे बोलायला लागले.

"अध्यक्ष महोदय आणि मित्रहो." त्यातला 'आणि' गोऱ्यांनी जमेल तसा म्हटला, सर गडबडीत विसरले असावेत. "ह्या मत्स्यविक्रेत्या भगिनी बारा वर्षं आपल्या दारात बसतात."

'कोळीण' आणि 'मासळी', दोन्ही शब्द गोऱ्यांना जमत नव्हते, त्याला सर तरी काय करणार? गच्चीवर हशा उसळला. कोळीणबाईने मला ढोसलं, "काय गो, त्यो डबा मना शिव्या देतंय का?"

"नाही हो मावशी, तुमच्या बाजूने बोलतोय."

"मंग बोलू दे."

अध्यक्ष उठले. "एक मिनिट, एक मिनिट. यंत्राला सोसायटीचं सभासदत्व नाही. हे चालणार नाही."

सरांची बोटं आधीच चालू झालेली. अध्यक्षांचं 'नाही' संपतं न संपतं तोच गोरे म्हणाले, "सभासद मी आहे. हे फक्त माझं तोंड आहे."

"अहो, पण तुम्हाला म्हणायचंय तरी काय? वहिनी सांगतील की, दरवर्षीसारखं..."

"माझं वाक्य संपू द्या."

हे गोऱ्यांनी त्यांच्या नेहमीच्या सर्दीच्या आवाजात सांगितलं. ना राग, ना विनंती. पण गच्ची एकदम गप्प झाली. कारण आमच्या सगळ्यांच्या एकाच क्षणी लक्षात आलं, की कोळीणबाई सोडली तर ह्या माणसाचं वाक्य आजवर कोणी संपू दिलेलंच नव्हतं. मी सुद्धा. सर अडले, की जो तो आपल्या पदरचा शब्द घालून त्यांचं वाक्य संपवायचा आणि पुढे जायचा. गोऱ्यांना मधे तोडायची सोय नव्हती. अध्यक्ष बोलायला लागले तरी गोरे थांबत नसत. एकाच वेळी दोघं बोलले तर लोक गोऱ्यांचंच ऐकायचे, कारण ते काय म्हणतायत हे समजायला कान द्यावा लागायचा.

"दिवसा चोर आला तर आधी ह्यांना दिसतो. मागच्या वर्षी जोशीकाका जिन्यात पडले तेव्हा रिक्षा ह्यांनी थांबवली. माशांचा वास दुपारी जातो. मनुष्य गेला तर परत येत नाही. नऊ घरं ह्यांच्याकडून मासे घेतात. दोन घरं काळ्या पिशवीत घेतात."

'काळ्या'ही घसरलाच, पण तो बरोबर पोचला. दोन घरं कुठली ते सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी पदराने तोंड झाकलं ते हसू लपवायला.

ठराव पडला. कोळीणबाईने गेटाच्या दोन फूट बाहेर बसावं आणि उठताना जागा धुवावी, एवढ्यावर निभावलं. सेक्रेटरी धांदरट होते, त्यांनी इतिवृत्तात लिहिलं: "श्री. गोरे यांनी विरोधी मत मांडले." पुढचं वर्षभर सोसायटीत कोणीतरी विचारायचंच, हे गोरे कुठल्या फ्लॅटमधले?

सगळे हसत खाली उतरले. मी मॉनिटर उचलून जिन्यात आले तर काकू सरांच्या समोर उभ्या. त्यांच्या हातातल्या कार्डाची बारीक सुरळी झालेली.

"तीस वर्षं मी बोलले तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या. "माझं काही चुकत होतं का?"

सरांनी तोंड उघडलं. शब्द अडकला. त्यांचा गळा ताणला गेला, डोळे मिटले. काकूंनी नेहमीसारखं स्वतःच सांगून टाकलं, "नाही ना? मग झालं तर." आणि त्या घरात गेल्या. सर तसेच उभे. त्यांना 'नाही' म्हणायचं नव्हतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. काय म्हणायचं होतं ते दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी टाइप करून मला दाखवलं. "ती वाक्य पूर्ण करते ते बहुतेक बरोबरच असतं. पण माझं बरोबर वाक्य तरी मला स्वतःला म्हणू दे की." ते कार्ड मग त्यांनी फाडून टाकलं.

घरी गोऱ्यांना काकूंनी बंदी घातली. "परपुरुषाचा आवाज मला घरात नको," असं म्हणायच्या, हसत, पण म्हणायच्या. सरांनी ती पाळली.

दीड वर्षाने वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी अर्ज टाकला. घरापासून जवळ, पगार दुप्पट. मुलाखतीला रजा हवी म्हणून सरांना सांगताना मला जीव नकोसा झालेला. मी गेले तर कॉम्प्युटर शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, आणि फोन उचलायला तर नाहीच नाही. सरांनी टाइप केलं: "जा. साडी नेस. फॉर्मवर माझं नाव आणि क्लासचा नंबर दे." मी म्हटलं, "सर, त्यांनी फोन केला तर?" ते गोऱ्यांकडे बोट दाखवून हसले.

मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी क्लासला आल्यावर मी विचारलं, "सर, काल कोणाचा फोन आलेला का?"

"आला होता," सर म्हणाले. "गोऱ्यांनी घेतला."

नोकरी मिळाली. मी गोऱ्यांच्या पडद्याला हार घातला, सरांना पेढे दिले आणि निघून आले. वर्षभर मी हेच समजत होते, की एका अमेरिकन डब्याने माझी शिफारस केली.

मग एका दुपारी कंपनीत चहा पिताना आमचे मॅनेजर म्हणाले, "तुमचे ते डोंबिवलीचे सर बरे आहेत ना?"

म्हटलं, "तुम्ही कसे ओळखता?"

"अहो, मी फोन केलेला की तुमच्याबद्दल विचारायला. पहिल्यांदा कसलीतरी टेप लागली. इंग्रजीत कोणीतरी नाकातून बोलत होतं. मला वाटलं राँग नंबर, ठेवून दिला. दुसऱ्यांदा परत तेच. तिसऱ्यांदा मी जाम वैतागून लावला. टेप नाही, काही नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. ठेवणार, तेवढ्यात 'थांबा' असं ऐकू आलं. म्हणजे ते 'थांबा' होतं हे कळायलाच अर्धं मिनिट गेलं."

मी कप खाली ठेवला.

"मग ते बोलले," मॅनेजर म्हणाले. "तीन वाक्यं. माझा अख्खा चहा गार झाला बघा. 'ती चुकली तर स्वतः येऊन सांगते. असं करणारी मुलं मला कमी भेटली. तिला घ्या.' मी दुसऱ्या कोणालाच फोन केला नाही त्यानंतर. म्हटलं, एवढे कष्ट घेऊन कोणी खोटं बोलत नाही."

त्यांना फोन तसाच वाजू देता आला असता. मी नसले की देतच होते. वाजू दिला असता तर मी तिथेच राहिले असते, त्यांच्या सोयीला. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मला ऑफिसात रडू आलं. मॅनेजर घाबरून दुसरा चहा सांगायला गेले.

त्याच रविवारी मी डोंबिवली गाठली. सर बाजारात गेलेले. काकू एकट्याच होत्या, पालेभाजी निवडत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"फोनवर? हे?"

"हो."

"स्वतः?"

"हो काकू. गोरे नाही. स्वतः."

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "लग्न ठरल्यावर ह्यांची पत्रं यायची मला. तीही टाइप केलेली. फोनवर ह्यांचा आवाज कसा येतो, मला माहीतच नाही गं."

सर पिशवी घेऊन दारात आले तेव्हा काकूंनी त्यांना चप्पल काढायलाही वेळ दिला नाही. "उद्यापासून दुपारी क्लासमधून घरी फोन करायचा. जेवायला काय आहे म्हणून विचारायचं. परक्या माणसाशी बोलता, मग माझ्याशी काय झालं?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

त्यानंतर मी तिकडे गेले ती माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला. कामाचा दिवस होता, दुपारची वेळ. काकू पोळ्या करत होत्या आणि मला मुलाकडच्यांबद्दल खोदून खोदून विचारत होत्या. एवढ्यात फोन वाजला. काकूंनी वाक्य अर्धवट टाकलं, हात पदराला पुसले, स्टूल ओढलं, रिसीव्हर कानाला लावला आणि बसल्या. 'हॅलो' नाही, 'बोला' नाही. मी खुणेनेच विचारलं, "सर?" त्यांनी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

तव्यावरची पोळी काळी पडायला लागली. मी उठून ती उतरवली, गॅस बंद केला. काकूंचं लक्ष नव्हतं. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून त्या समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या आणि ऐकत होत्या. किती वेळ गेला मी मोजला नाही.

मग त्यांचा चेहरा उजळला.

"अळूचं फदफदं," काकू म्हणाल्या. "या लवकर."